लपवलेल्या ओळी

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची भोपाळला! मिरजेहून निघताना आईने इतक्या सूचना दिल्या की निम्म्या मी गाडीत बसेपर्यंतच विसरले. कंपनीने 'न्यायला येऊ' असं कळवलं होतं. मी मनात म्हटलं, डोंबल येताय, पत्ता पाठवाल आणि रिक्षा करून या म्हणाल. पण स्टेशनवर ऑफिसच्या मॅनेजर, कमलिनीकाकू, स्वतः उभ्या! साठीला टेकलेली बाई, खांद्यावर शाल, हातात स्टीलचा डबा. मी केव्हाची उभी राहून राहिलीये, आधी खाऊन घे, असं म्हणत त्यांनी तिथेच बाकावर डबा उघडला. पोहे, वर मूठभर शेव आणि सोबत जिलेबी! मिरजेत कुणी पोह्यांबरोबर जिलेबी दिली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. इथे दोनदा मागून घेतली.

काकूंचं माहेर-सासर दोन्ही ग्वाल्हेरचं. नवरा इथल्याच बरखेड्याच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर क्वार्टर सोडून त्या इकडे मिसरोदच्या कॉलनीत आल्या. मराठी बोलतात, पण हिंदीच्या पाण्यात भिजवलेली. 'चिंता नको करू', 'तुला मजा येऊन जाईल'. हसू दाबता दाबता मला ठसका लागला. पण इतक्या लांब 'अगं' म्हणून हाक मारणारं कुणीतरी भेटलं, याचं काय सुख वाटलं म्हणून सांगू!

ऑफिस कॉलनीच्या गेटाला लागूनच, बाहेर. राहायला कंपनीचीच खोली, त्याच कॉलनीत, काकूंच्या घराच्या बरोबर वर. संध्याकाळी आईचा फोन आला. आई रिटायर्ड नर्स, त्यामुळे तिच्या प्रश्नांतून सुटका नाही. पाणी कसलं, दाराला कडी आहे का, खाली कोण राहतं. खाली आपलंच माणूस राहतं म्हटल्यावर तिने केवढा मोठा श्वास सोडला, मला इकडे ऐकू आला. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मला पाठवताना तिचा जीव थोडा थोडा झाला होता, पण अडवलं नाही हो.

६ नोव्हेंबर

काम कळलं. सोपं आहे, पण डोळ्यांची पार वाट लागते. आमची कंपनी असल्या मोठ्या कॉलन्यांची दारं सांभाळते. इथे प्रत्येकाकडे एक कार्ड. मुख्य गेट, लिफ्ट, घराचं दार, सगळीकडे ते टेकवायचं. टेकवलं की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ उमटते, कोण, कुठे आणि केव्हा. या ओळी म्हणजे लॉग. मी ब्राउझरमध्ये एक पान उघडून बसते आणि ओळी सरकत राहतात. कुठे बिघाड झाला की ओळ लाल होते, मग मी दुरुस्तीवाल्याला फोन करायचा. इतकं साधं काम, आणि आई मैत्रिणींना सांगते की योगिनी संगणकातली मोठी साहेब झाली!

पण ओळी तरी किती! लिफ्ट स्वतःशीच बडबडते, पाण्याचा पंप सारखा 'मी चालू आहे, मी चालू आहे' म्हणून कळवत बसतो. म्हणून नको ती ओळ लपवायची सोय आहे. काकूंनी शेजारी खुर्ची ओढून शिकवलं. पुसायचं कधीच नाही. ओळ उमटत राहते, आपल्याला फक्त दिसत नाही. मी पंपाला लपवून टाकलं. गंमत म्हणजे दुपारी डबा खाताना पंपाची घरघर ऐकूच आली नाही, आणि तो आहे अगदी खिडकीखाली. सवय झाली असेल कानांना.

शेजारच्या टेबलावर वरुण बसतो. इथलाच, भोपाळचा. माझ्या हिंदीला हसतो आणि वर चहा पाजतो.

१० नोव्हेंबर

वरुणचा राग आलाय. सकाळी काकूंनी माझा पासवर्ड मागितला. ताप-बिप आला तर तुझं काम कोण करणार, देऊन ठेव, म्हणाल्या. मी दिला. आत शिरताना फोनवर एक कोड येतो, तोही वाचून दाखवला आणि काकूंचं मशीन माझ्या खात्याला कायमचं ओळखीचं करून टाकलं. त्या गेल्यावर वरुण म्हणाला की असं कुणालाच देऊ नये, उद्या तुझ्या नावाने काही झालं तर तूच अडकशील. मी म्हटलं, काकू आमच्या आहेत. तर म्हणे आमच्या म्हणजे काय, आठवड्याची ओळख! आता याला काय कपाळ समजावणार? आईच्या हातचं खाऊन ऑफिसला येणाऱ्याला परमुलखातलं आपलं माणूस काय कळणार?

संध्याकाळी काकूंनी भरलं वांगं पाठवलं. वरुणला मुद्दाम दिलं नाही.

१७ नोव्हेंबर

काम अंगवळणी पडलं आणि मला नसत्या उचापती सुचायला लागल्या. सेटिंग्जच्या पार तळाशी 'लपवलेलं दाखवा' अशी एक टिक आहे. सहज केली. पंप दिसायला लागला, लिफ्ट दिसायला लागली आणि त्यांच्यामागून एका माणसाच्या ओळींची रीघ लागली. शैलेंद्र, मुख्य गेट, नाकारलं. शैलेंद्र, लिफ्ट, नाकारलं. शैलेंद्र, मुख्य गेट, नाकारलं. दिवसभर हा माणूस नुसता कार्ड टेकवत हिंडतोय. शोधलं तेव्हा कळलं की यंत्रांची यादी वेगळी आणि माणसांसाठी नाव भरायचा एक वेगळा चौकोन आहे. त्यात एवढं एकच नाव.

काकूंना विचारलं तर त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. जुनं खराब कार्ड आहे, उलटसुलट लिहीत राहतं, तू त्यात नको पडू, म्हणाल्या. वरुणला विचारलं तर म्हणे शैलेंद्र नावाचं कुणी इथे कधी नव्हतंच. त्याच्या पानावर ती टिकही नाही. माझं खातं काकूंनी जुन्या कुणाच्या तरी खात्याची नक्कल करून बनवलं, म्हणून ती माझ्याकडे आली असणार. असू दे. मी काही ती काढली नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळी गेटवर एक माणूस पाहिला. दाढी वाढलेली, स्वेटर कोपरावर उसवलेलं. यंत्रावर कार्ड टेकवतोय आणि गेट उघडत नाही. आमचा वॉचमन जितेंद्र त्याच्या अगदी नाकासमोर उभा, पण ढिम्म लक्ष नाही. मी म्हटलं, अहो, त्यांना बाहेर तरी जाऊ द्या. जितेंद्रने आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, किसको मॅडमजी? मला वाटलं थट्टा करतोय. पण तो माणूस! मी त्याला बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. मला त्याने चक्क हात जोडले.

संध्याकाळी काकूंनी दार लावून घेतलं आणि रडत रडत सांगितलं. तो त्यांचा मुलगा, शैलेंद्र. डोक्यावर परिणाम झालाय. कॉलनीतल्यांनी ठरवून त्याच्याकडे बघणं सोडलंय, ऑफिसात कुणी नाव काढत नाही. असली कसली दगडाची माणसं! काकूंना जवळ घेतलं आणि म्हटलं, मी आहे. त्या माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

२७ नोव्हेंबर

रोज दोन पोळ्या जास्त करते आणि जिन्यात शैलेंद्रला देते. वेडाबिडा काही वाटत नाही. हळू बोलतो, पण नीट बोलतो. हे लॉगचं पान त्यानेच बनवलं म्हणे. आज मी काकूंचं कौतुक करत होते, तर मध्येच म्हणाला, तू इथून निघून जा. आजच जा, माझ्या आईला न सांगता. का, म्हणून विचारलं, तेवढ्यात काकू जिना चढून आल्या. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

मी पण काय वेडी, आजारी माणसाचं मनावर घेतेय.

४ डिसेंबर

आज मार्गशीर्षातला गुरुवार. काकूंनी मला कुमारिका म्हणून जेवायला बोलावलं. सव्विसाव्या वर्षी कुमारिका! मी हसून हसून लोटपोट. त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या चिमुरड्या बोलवा म्हटलं. पण त्या हसल्या नाहीत. लग्न नाही झालं म्हणजे कुमारिकाच, म्हणाल्या. पाटावर बसवून पाय धुतले, कुंकू लावलं, गजरा दिला. पुरण वाढताना त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. मीही रडले. आईशिवाय इतकं कुणी केलं नव्हतं माझं.

शैलेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. त्याला मी दोनदा हाक मारली. त्याने वर बघितलंच नाही. जाताना मी काकूंना वाकून नमस्कार केला, तर त्या झटकन मागे सरकल्या.

५ डिसेंबर

आज सगळ्यांना शिष्टपणाचा झटका आलाय. जितेंद्रने सलाम केला नाही. गेट उघडेना, कार्ड मेलंय बहुतेक. एका गाडीच्या मागून निसटले. बाहेर रिक्षावाले अंगावरून निघून जातायत. ऑफिसात आले तर वरुण माझ्या खुर्चीवर पाय टाकून बसलेला. ऊठ म्हटलं, उठला नाही. खांद्याला हात लावला तर माशी बसल्यासारखा खांदा झटकला. इतका अपमान! मी तडक घरी निघून आले. उद्या बघतेच एकेकाला.

६ डिसेंबर

आईचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. ती म्हणाली, हॅलो. मी म्हटलं, अगं बोल ना. ती म्हणाली, योगिनी, ऐकू येत नाहीये, हॅलो, हॅलो. नेटवर्क चांगलं होतं. तिकडे मागे कुकरची शिट्टी झालेली मला ऐकू आली. आणि तिला मी नाही.

लिफ्टपाशी शैलेंद्र. जितेंद्र त्याच्याशी हसून बोलतोय, भैया पुण्याहून कधी आलात म्हणून विचारतोय. वरुण त्याच्या गळ्यात पडला. जणू कालपर्यंत तो फक्त सुट्टीवर होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले. शैलेंद्रला मी दिसते. नक्की दिसते. त्याने तोंड फिरवलं.

८ डिसेंबर

काकूंनाही दिसते. लपवलेलं दाखवणारी ती टिक आहे ना त्यांच्याकडे.

दारात उभी राहून ओरडले तेव्हा त्यांनी आत घेतलं आणि सगळं सांगितलं. शैलेंद्रने माणसं लपवायची सोय बनवली आणि चालते का बघायला स्वतःचंच नाव टाकलं. ही संगणकवाली माणसं काहीही आधी स्वतःवर तपासतात, वरुणसुद्धा नवं दार आधी स्वतःच्या कार्डाने उघडून बघतो. चाललं. इतकं चाललं की तो आधी दिसेनासा झाला, मग लोकांच्या आठवणीतून गेला. लांबच्यांना लवकर विसर पडतो, जवळच्यांना उशिरा. काकू त्याचं नाव काढायला गेल्या तर चौकोन रिकामा सेव्ह होत नाही. 'नाव भरणं आवश्यक आहे' अशी लाल अक्षरं येतात. त्याचीच चूक, रिकाम्याचा विचार केलाच नव्हता. एक काढायचं तर दुसरं भरावं लागतं, तेही चालू कार्डाच्या जिवंत माणसाचं.

म्हणून मला आणलं. लांबची, वडील नसलेली, मराठी, म्हणजे चटकन विश्वास ठेवेल अशी. पोहे, वांगं, पाय धुणं, सगळं त्यासाठी. आणि नाव माझ्याच खात्यातून भरलंय. उद्या कुणी बघितलंच तर योगिनीने स्वतःच स्वतःला लपवलं असं दिसावं म्हणून. पासवर्ड बदललाय. मी माझ्या फोनवरून शिरायला बघितलं तर कोड येत नाही. लपलेल्या माणसाला कोड कोण पाठवणार.

मी विचारलं, इतका जीव होता मुलावर तर तुम्ही स्वतःचं नाव का नाही टाकलंत? काकू गॅसवरचं दूध बघायला गेल्या. दूध तापतच ठेवलं नव्हतं. मी भांडी फेकली. त्यांनी एकेक उचलून जागेवर ठेवली.

१२ डिसेंबर

वरुणच्या टेबलावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी ठेवली. त्याने तिच्यावर चहाचा कप ठेवला.

काकूंनी फोनवर आईला सांगितलं, तुमची मुलगी कुणा मुलाबरोबर पळून गेली. मी शेजारी उभी राहून ऐकलं. हलकट बाई. आई म्हणाली, माझी योगिनी मला न सांगता भाजीसुद्धा बदलत नाही. मी येतेय.

१५ डिसेंबर

आई आली! गेटवर जितेंद्रशी तिच्या मोडक्या हिंदीत भांडत होती. मी धावत जाऊन मिठी मारली. तिने पदर सावरला आणि थंडी फार आहे असं म्हणाली.

जितेंद्रने तिला पाहुण्यांचं कार्ड करून दिलं. पोलिसांत जाते म्हणाली, तशा काकू घाबरल्या, घरी घेऊन गेल्या. माझ्या आईला पोहे करून दिले त्या हातांनी.

१६ डिसेंबर

काकूंनी आईला खरं सांगून टाकलं. पोलिसांच्या भीतीने, की मी रात्रंदिवस त्यांच्या कानाशी किंचाळते म्हणून, देव जाणे. आईला पटेना. मग त्यांनी लॅपटॉपवर लपवलेल्या ओळी उघडल्या आणि मला म्हणाल्या, दाराला कार्ड टेकव.

टेकवलं. ओळ उमटली. योगिनी, दार, नाकारलं.

आई स्क्रीनजवळ सरकली. तू असशील तर दोनदा लाव, म्हणाली. लावलं. दोन ओळी आल्या. जेवतेस का? एकदा म्हणजे हो. मी एकदा लावलं. खोटंच. आईला कळलं ते, तिला नेहमी कळतं. तिने स्क्रीनवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

मग काकू म्हणाल्या, मी माझ्या पोरासाठी केलं, तुम्ही तुमच्या पोरीसाठी करा. दुसरं नाव हवं फक्त. आणि चालू कार्डांच्या यादीत आता आईचं पाहुण्यांचं कार्ड आलंय.

मी दारावर कार्ड आपटत राहिले. नको नको नको. स्क्रीनवर नुसत्या ओळीच ओळी. आईने त्या ओळींकडे बघितलंच नाही. तिने दोनच प्रश्न विचारले. ही सगळ्यांना दिसेल ना? आणि मी हिला दिसेन ना? काकू म्हणाल्या, हिची टिक राहील, शपथ घेते मुलाची. आई म्हणाली, शपथ कशाला, आपलीच माणसं आपण.

आणि तिने बटण दाबलं. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. इंजेक्शन द्यायची तसं, पटकन.

१८ डिसेंबर

जितेंद्र सलाम करतो. इतके दिवस कुठे होतीस म्हणून वरुणने झापलं, आणि मी त्याच्यासमोर ढसाढसा रडले.

आई दिसते. माझ्या खोलीत आहे, माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवतेय. काही नाही गं, म्हणते, रिटायर झाल्यापासून मला तसंही कोण बघत होतं? थट्टा करते. मी तिचा पदर सोडत नाही. काहीतरी मार्ग काढीन. सध्या दिसतेय, एवढं पुष्कळ आहे.

१९ डिसेंबर

काकू गेल्या. शैलेंद्रला घेऊन, सामानासकट, कुठे ते कुणाला माहीत नाही. जाताना माझं खातं नव्याने बनवून गेल्या. वरुणसारखं. टिक नाही. चौकोन नाही. बरोबरच आहे, चौकोन माझ्या हातात राहिला असता तर मी शैलेंद्रचं नाव परत भरलं असतं. लाज न वाटता भरलं असतं. शपथ म्हणे! मुलाची शपथ!

सकाळी आई पोळ्या लाटत होती. इथलं पीठ फार जाड आहे, म्हणत होती. मी उत्तर द्यायला वळले आणि— तवा तापलेला. पोळपाटावर अर्धी पोळी. लाटणं—

आई?

२१ डिसेंबर

आहे. इथेच आहे. चहा होतो, कपडे घड्या होऊन पडतात. मी मोठ्याने बोलते तिच्याशी. आई, मला कळतंय गं, मी विसरले नाहीये.

कंपनीच्या मालकांना लिहिलं. उत्तर आलं, अशी काही सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. वरुणला सांगितलं. तो म्हणाला, कमलिनी मॅडमना घाईने जावं लागलं, तुला त्यांची आठवण येतेय, एवढंच.

मीनामावशीला फोन केला. तुझी ताई माझ्याकडे आहे म्हटलं. ती हसली. मला कुठली गं ताई?

२३ डिसेंबर

मिरज. नर्स. मनगटावर भाजल्याचा डाग. डाव्या— उजव्या? हसताना तोंडावर हात. मला हाक मारायची— काय बरं म्हणून—

आई आई आई आई. रोज लिहायचं. लिहिलं की राहील.

२५ डिसेंबर

आई—

उशीवर हात फिरतो कुणाचा तरी. वारा असेल. खिडकी तर बंद—

२८ डिसेंबर

आज बरं वाटतंय. वरुण म्हणाला, तोंडावर तेज आलं. खोलीत कुणाची तरी बॅग आहे, आत नऊवारी नाही, साध्याच साड्या, गुडघ्याला लावायचं तेल. जितेंद्रला विचारायला हवं. चहा तयार होता, मीच ठेवला असणार.

मागचं पान उघडलं. नुसतं आई आई. अक्षर माझं. त्याच्यामागचं वाचवेना, छातीत दुखतं. रडायला का येतंय? असेलच ना मलाही आई, सगळ्यांना असते. नाव आठवलं की लिहून ठेवते, म्हणजे—

हाताला कुणी धरतंय का? घट्ट— सोड, लिहू दे मला—

आठवलं! साठीला टेकलेली, मला अगं म्हणणारी, पुढ्यात बसवून जेवू घालणारी. तीच. दुसरी कोण असणार? माझ्या आईचं नाव कमलि—